आजींच्या अक्षराचा फॉन्ट : नागपुरातील एका लग्नपत्रिकेचे प्रकरण

नागपूरच्या महाल भागातील एका कुटुंबाने गेल्या लग्नसराईच्या आधी माझ्याकडे एक काम आणले. घरातील धाकट्या नातवाचे लग्न ठरले होते आणि पत्रिकेवरचा मुख्य मजकूर आजींच्या हस्ताक्षरात असावा, अशी सर्वांची इच्छा होती. आजी ८१ वर्षांच्या आहेत. त्यांनी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले आणि त्यांचे अक्षर हा घरात आजही कौतुकाचा विषय आहे. पत्रिकेचा मजकूर छपाईपर्यंत दोनतीनदा बदलणार हे उघड होते. वधूपक्ष छिंदवाड्याचा असल्याने हिंदी आवृत्तीही काढायची होती. शिवाय पाकिटे आणि मोबाइलवर पाठवायचे चित्र होतेच. त्यामुळे कागदावर एकदा लिहून घेऊन भागण्यासारखे नव्हते, फॉन्टच करावा लागणार होता. कुटुंबाची अट एकच होती : अक्षर नाजूक दिसले पाहिजे. नमुना म्हणून त्यांनी एका इंग्रजी पत्रिकेचे छायाचित्र दिले होते, ज्यातील रोमन अक्षरे केसासारख्या रेघेने एकमेकांत गुंफलेली होती.

पहिल्या खेपेला हे काम फसले. फॉन्ट संगणकाच्या पडद्यावर देखणा दिसत होता, कुटुंबाने तो पसंतही केला होता, आणि तरीही छापखान्यातून आलेल्या चाचणीच्या प्रतीत वधूच्या नावाआधीचे ‘चि. सौ. कां.’ हे ‘चि. सौ. का.’ असे उमटले. ते कसे घडले आणि पुढे काय बदलले, याची ही नोंद आहे.

हस्ताक्षराचे नमुने

तयार हस्ताक्षरी फॉन्ट वापरावा, हा सल्ला मी आधी दिला होता. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा खुल्या परवान्याचा, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणारा, फॉन्ट देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत उपलब्ध आहे आणि हाताने भरभर लिहिलेल्या टिपणासारखा तो सहज वाचता येतो. कुटुंबाला मात्र आजींचेच अक्षर हवे होते, आणि ते योग्यही होते.

आजींची जुनी पत्रे, पाककृतींची एक वही आणि मी दिलेल्या शब्दांवरून त्यांनी नव्याने लिहिलेली आठ पाने, एवढे साहित्य हाताशी आले. ते ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या बारकाईने, स्कॅन केले. या पानांतून आजींच्या लिहिण्याच्या काही सवयी स्पष्ट झाल्या. त्या शब्दातील सर्व अक्षरे आधी लिहितात आणि शिरोरेघ शेवटी एका झटक्यात ओढतात. ती पहिल्या अक्षराच्या थोडी आत सुरू होते आणि शेवटच्या अक्षराच्या पुढे किंचित वर जाऊन थांबते. वेलांटीची कमान त्या उंच घेतात आणि उकार ओळीच्या बराच खाली नेतात. पेन शाईचे आणि साधे आहे. रेघेची जाडी जवळपास सर्वत्र ०.४ मिलिमीटर भरते, तर शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षराची उंची साधारण ५ मिलिमीटर आहे. हे दोन आकडे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले होते आणि नंतर विसरलो होतो, याचा उल्लेख इथेच केलेला बरा.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी होती. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि आजींचे शाळेत जाण्याचे पहिले दिवस त्याच काळातले. त्यांच्या जुन्या वह्यांत ‘ल’ हिंदी वळणाचा आहे, तर पुढच्या पत्रांत तो दोन पाकळ्यांचा, मराठी वळणाचा झालेला दिसतो. ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठी वळणे निश्चित केली, परंतु हातांनी ती निवड आपापल्या परीने फार आधीच केलेली असते. हिंदी पत्रिकेचा प्रश्न त्यामुळे अनपेक्षितपणे सोपा झाला : दोन्ही वळणे आजींचीच होती आणि कुठलेही मला बनवावे लागले नाही.

पहिला आराखडा आणि त्यातला दोष

रोमन लिपीतील त्या तलम अक्षरांचा नाजूकपणा टोकदार, लवचिक निबेतून आलेला आहे. निबेवर दाब दिला की तिची दोन पाती फाकतात आणि खाली येणारी रेघ जाड होते; दाब सोडला की वर जाणारी रेघ केसासारखी उरते. देवनागरीचे वळण घडले ते तिरक्या कापलेल्या बोरूने. तिथे जाडबारीकपणा दाबावर अवलंबून नसून हात कोणत्या दिशेला जातो त्यावर ठरतो, आणि खालून वर जाणारी रेघ देवनागरीत जवळपास नसतेच. म्हणजे इंग्रजी नमुन्यातली केसासारखी रेघ ज्या हालचालीतून निर्माण होते, ती हालचालच आपल्या अक्षरात नाही. हे ठाऊक असूनही मी नमुन्यातील रेघेची जाडी प्रमाण मानली. फॉन्टमध्ये अक्षराची मापे एका काल्पनिक चौकटीच्या एककांत मोजतात; त्या १००० एककांच्या चौकटीत उभ्या दंडाला २४ एकके, शिरोरेघेला १८ एकके आणि अनुस्वाराच्या टिंबाला ४६ एकके व्यास दिला.

अक्षरे एकमेकांना जोडण्याचा आग्रहही त्याच नमुन्यातून आला. घरातील एकाने ‘मोडीसारखे सलग’ करता येईल का, असे विचारले. मोडी सलग लिहिता येते, कारण तिच्या अक्षरांचे आकारच हात न उचलण्याच्या सोयीने बदललेले आहेत, आणि शिरोरेघ तर आधीच ओळभर ओढून ठेवलेली असते. बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी, अक्षरे डोक्याशी जोडलेली असतात, पायाशी ती सुटी असतात. मी प्रयोगादाखल उभ्या दंडाच्या पायाला उजवीकडे जाणारे एक लहानसे शेपूट दिले, आणि लगेच ‘निमंत्रण’ या शब्दातला शेवटचा ‘ण’ पाय मोडल्यासारखा वाचला जाऊ लागला. रोमनमध्ये ज्या जागी जोड असतो, त्याच जागी मराठी डोळा हलन्ताचे चिन्ह शोधतो. शेपटे त्याच दिवशी काढून टाकली, पण केसासारखी रेघ मात्र राहिली.

शिरोरेघेवर सर्वाधिक वेळ गेला. आजींच्या लेखनात ती शब्दागणिक एकच असते. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते आणि ते तुकडे कोणत्याही क्रमाने शेजारी आले तरी जुळावे लागतात. हाताची लय राहावी म्हणून रेघेला किंचित लाट हवी, आणि सांधा दिसू नये म्हणून दोन्ही कडांना तिची उंची व जाडी अगदी ठरलेली हवी. यावर उपाय असा केला की लाट अक्षराच्या मधल्या भागात ठेवली, कडा पक्क्या केल्या आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर काही एकके चढवला. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा आजी स्पष्ट ठेवतात, तीही तशीच ठेवली. शब्दाच्या आरंभी आणि शेवटी येणाऱ्या अक्षरांना वेगळी रूपे दिली, त्यामुळे रेघ आत सुरू होऊन पुढे वर जाऊन थांबण्याची त्यांची सवय फॉन्टमध्ये उतरली. हा भाग पहिल्या खेपेतच साधला आणि तो पुढे बदलावा लागला नाही.

पत्रिकेतील एका शब्दाने मात्र फॉन्टची पुरती परीक्षा घेतली : ‘सग्यासोयऱ्यांसह’. यात ‘स’ तीनदा येतो, आणि तिन्ही ‘स’ तंतोतंत सारखे दिसले की हस्ताक्षराचा आभास तिथेच संपतो. म्हणून ‘स’, ‘र’ आणि काना यांची प्रत्येकी तीन रूपे केली आणि ती आळीपाळीने येतील असा नियम फॉन्टमध्ये घातला. याच शब्दात ‘ऱ्य’ आहे. कुटुंबाने मोबाइलवर टाइप करून पाठवलेल्या मजकुरात तिथे ‘य’वर रफार आला होता, आणि मराठीत ती वेगळीच चूक ठरते : ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. या रूपासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत, ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. मजकूर दुरुस्त केला, आणि फॉन्टमध्ये त्या अर्ध्या ‘र’ची कोयतीसारखी रेघ आजींच्या पाककृतींच्या वहीतून, ‘पुऱ्या’ या शब्दातून घेतली.

छापखान्यात

पत्रिका गांधीबागेतील एका छापखान्यात, खरखरीत पोताच्या जाड कागदावर सोनेरी फॉइलने छापायची होती. नावे ३६ पॉइंटात, ‘चि. सौ. कां.’ आणि नात्यांचा मजकूर १६ पॉइंटात, आणि कार्यक्रमाचा तपशील १३ पॉइंटात असा आराखडा होता. सगळा मजकूर आजींच्याच अक्षरात लावलेला होता, आणि ही दुसरी चूक होती.

छापखान्याचे मालक अनुभवी होते. त्यांनी फाइल पाहताच सांगितले, “भाऊ, एवढी बारीक रेघ फॉइलमध्ये नाही येत. टिंब तर उडूनच जाते.” त्यांच्या अनुभवाप्रमाणे त्या कागदावर ०.३ मिलिमीटरच्या खालची रेघ भरवशाची नव्हती. मी तेव्हा हिशेब केला नाही, नंतर केला. एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५३ मिलिमीटर. ३६ पॉइंटाच्या अक्षराची चौकट १२.७ मिलिमीटर होते, त्यात २४ एककांचा दंड ०.३० मिलिमीटर भरतो आणि १८ एककांची शिरोरेघ ०.२३. १६ पॉइंटात चौकट ५.६४ मिलिमीटर, म्हणून ४६ एककांचे टिंब जेमतेम ०.२६. १३ पॉइंटात तर दंडच ०.११ मिलिमीटरचा. चाचणीच्या प्रतीत नेमके हेच दिसले. नावांचे दंड उमटले, पण शिरोरेघ जागोजागी तुटली. नात्यांच्या ओळीतली टिंबे गेली आणि ‘कां’चे ‘का’ झाले. कार्यक्रमाचा तपशील म्हणजे सोनेरी धुळीचा एक पट्टा उरला. दोष छापखान्याचा नव्हता. त्यांनी आधीच बजावले होते.

याशिवाय एक लहान तांत्रिक घोटाळा झाला, जो या व्यवसायातील कोणालाही ओळखीचा वाटेल. छापखान्याने नेहमीप्रमाणे ‘फाइल कर्व्ह करून द्या’ असे सांगितले होते. अक्षरांच्या बाह्यरेषा केल्यावर शिरोरेघेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढले होते तिथे प्रणालीने तो भाग पोकळ धरला, आणि प्रत्येक सांध्यावर एक पांढरी चिरी आली. सर्व तुकडे आधी वेल्ड करून, म्हणजे एकसंध आकारात जोडून, मग फाइल दिली की हा प्रश्न सुटतो. ज्या फॉन्टची शिरोरेघ चढवलेली आहे त्याच्यासोबत ही सूचना लेखी द्यावी लागते, कारण पडद्यावर हा दोष बहुधा दिसत नाही.

दुसरी खेप

चाचणीची प्रत घेऊन मी आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, “माझं अक्षर एवढं हडकुळं कधीच नव्हतं रे.”

वहीतले ते दोन आकडे तेव्हा पुन्हा काढले. ५ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला ०.४ मिलिमीटरची रेघ. फॉन्टमध्ये शिरोरेघेची उंची ५६० एकके धरली होती. त्या प्रमाणात आजींची खरी रेघ सुमारे ४५ एककांची निघते. मी ती जवळपास निम्मी केली होती. म्हणजे आजींच्या अक्षराला घरातले सर्वजण जे नाजूक म्हणत होते, ते बारीक रेघेमुळे नव्हतेच. उंच कमानीची वेलांटी, लांब उतरणारा उकार, अक्षराच्या पोटात सोडलेली ऐसपैस जागा, आणि त्या मानाने लहान ठेवलेले अक्षराचे धड, यांतून ते येत होते. इंग्रजी नमुन्याच्या नादाने मी रेघ जपली आणि प्रमाण सोडले : माझ्या पहिल्या आराखड्यात कमानी आणि उकार ओळींत अडकू नयेत म्हणून आखूड केलेले होते.

दुसऱ्या खेपेत दंड ४५ एककांचा, शिरोरेघ ३६ एककांची आणि टिंब ७८ एककांचे केले, आणि वेलांटी व उकार मूळ लांबीवर आणले. ऱ्हस्व वेलांटीची कमान व्यंजनाच्या दंडापर्यंत पोहोचायला हवी, आणि ‘कि’पेक्षा ‘त्रि’ची, ‘त्रि’पेक्षा ‘क्षि’ची रुंदी वेगळी असते, म्हणून तिची पाच मापे केली. कमानी उंचावल्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला अडकू लागला. त्यावर अक्षर आखूड करण्याऐवजी ओळींतील अंतर वाढवले. याने पत्रिकेवरचा मजकूर कमी मावला, आणि ते बरेच झाले. ३६ पॉइंटात दंड आता ०.५७ मिलिमीटर आणि शिरोरेघ ०.४६ मिलिमीटर झाली होती. छापून आल्यावर घरातल्यांना हेच अक्षर पहिल्यापेक्षा अधिक नाजूक वाटले. कुणालाही रेघ जाड झाल्याचे लक्षात आले नाही.

१६ पॉइंटाच्या ओळींसाठी याच रेघेचे माप ०.२५ मिलिमीटर येत होते, म्हणून लहान मापासाठी फॉन्टची स्वतंत्र आवृत्ती काढली. तिच्यात दंड ५८, शिरोरेघ ५४ आणि टिंब ११० एककांचे आहे. अक्षरांमधली जागा जास्त आहे आणि ‘द्व’ व ‘द्ध’ यांच्या पोटातली वळणे मुद्दाम उघडी केली आहेत, कारण ‘द्वितीय सुपुत्र’मधला ‘द्व’ लहान मापात ‘द्ध’सारखा दिसू लागला होता. पूर्वी शिशाच्या खिळ्यांनी छपाई होई त्या काळात प्रत्येक मापासाठी ठसा स्वतंत्र कोरला जात असे, म्हणून हा भेद आपोआप पाळला जाई. एकच आराखडा हव्या त्या मापाला ताणण्याची सवय आपल्याला संगणकाने लावली.

१३ पॉइंटाचा तपशील आजींच्या अक्षरातून काढूनच टाकला. मुहूर्त, स्थळ, भोजनाची वेळ हा मजकूर ‘एक टाइप’ या मुंबईतील संस्थेच्या ‘मुक्ता’ या खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये साध्या शाईने छापला. कुटुंबाची सुरुवातीला थोडी नाराजी झाली. मी त्यांना दोन्ही प्रती संध्याकाळच्या दिव्यात वाचायला दिल्या. मुहूर्ताची वेळ कोणत्या प्रतीत आधी सापडते एवढेच पाहायला सांगितले, आणि विषय तिथे संपला. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये आता ‘श्री गजानन प्रसन्न’, दोन नावे, नात्यांच्या दोन ओळी आणि ‘सग्यासोयऱ्यांसह’ने सुरू होणारे एक वाक्य एवढेच उरले. माझ्या मते तेवढेच पुरे होते.

इतर वापर

मोबाइलवरच्या चित्रासाठी वेगळा विचार फारसा करावा लागला नाही. पत्रिका ७ इंच रुंद, पडदा १०८० पिक्सेलचा. म्हणजे एका इंचाला सुमारे १५४ पिक्सेल. पहिल्या आराखड्यातली तपशिलाची ०.११ मिलिमीटरची रेघ त्यात पाऊण पिक्सेलसुद्धा व्यापत नव्हती, आणि व्हॉट्सअॅपने चित्र दाबले की ती पार्श्वभूमीत विरून जात होती. नावांच्या नव्या दंडाला सुमारे साडेतीन पिक्सेल मिळतात. फक्त सोनेरी रंगाऐवजी गडद तपकिरी घेतला, कारण मे महिन्याच्या नागपुरी उन्हात मोबाइल पाहणाऱ्याला क्रीम रंगावरचे सोनेरी अक्षर दिसण्याची आशाच नको.

हिंदी आवृत्तीसाठी फॉन्टमध्ये भाषेनुसार ‘ल’ आणि ‘श’ बदलण्याची सोय करता येते, आणि ती मी केलीही. पण ती सोय चालण्यासाठी मजकुराला भाषेची खूण लावलेली असावी लागते, आणि घरातून येणाऱ्या मजकुराला अशी खूण कधीच नसते. शेवटी हिंदीसाठी वेगळ्या नावाची फाइल देऊन टाकली. हा उपाय दिसायला अडाणी आहे, परंतु चुकत नाही.

आजींची सही फॉन्टमध्ये घ्यावी, ही सूचना मी नाकारली. एखाद्या हयात व्यक्तीची सही एक कळ दाबून कुठेही उमटू शकेल अशी वस्तू तयार करणे मला योग्य वाटले नाही. फॉन्टची फाइलही कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये, असे ठरवून घेतले. तरीही एका भाच्याने स्वागताच्या फ्लेक्सवर तो लावलाच, आणि वीस फुटांवरून वधूवरांची नावे सोडून काही वाचता आले नाही. त्याबद्दल मला कोणी विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही.

पाकिटांवरची नावे मात्र पुन्हा अडली. सुमारे तीनशे निमंत्रितांची यादी संगणकावर मंगल फॉन्टमध्ये होती. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेल्या या फॉन्टमध्ये जोडाक्षरांचा भरपूर साठा असल्याने यादी व्यवस्थित दिसत होती. आमचा फॉन्ट पत्रिकेच्या मजकुरापुरता केलेला होता. यादी त्यात लावताच कित्येक आडनावे मध्येच फुटून पाय मोडलेल्या अक्षरांची झाली. निमंत्रिताला स्वतःचे आडनाव मोडके दिसणे हे कोणत्याही लग्नघराला चालण्यासारखे नाही. मुदत चार दिवसांची होती, म्हणून ती पाकिटे आजी, त्यांच्या दोन मुली आणि एक सून यांनी बसून हाताने लिहिली. यादीतून सापडलेली अकरा जोडाक्षरे मी लग्नानंतर फॉन्टमध्ये घातली. त्यांपैकी नऊ आजींनी एका पाहण्यात मान्य केली. ‘ट्ट’ एकदा परत पाठवले, आणि ‘ढ्ढ’ अजून त्यांच्याकडेच आहे.